एअर पिस्तूल घरी असेल तर: नळी, शिसं आणि हवेची बाटली

घोडबंदरकर

गेल्या रविवारी रात्री माझ्या हातून घरात बार उडाला. कुणाला लागलं नाही. तरी चार दिवस झोप नीट नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी १० मीटर एअर पिस्तूल खेळतो, हे नववं वर्ष. म्हणजे नवखेपणाची सबब मला नाही. शनिवारी संध्याकाळी रेंजवर शेवटची सिरीज चालू होती आणि वीज गेली. ‘स्टॉप’ ऐकू आलं तेव्हा छर्रा भरून झाला होता, भरायच्या तोंडावरचा लीव्हर बंद होता. पिस्तूल खाली ठेवलं, शेजारच्याशी बोलत बसलो. वीस मिनिटं वाट पाहिली, वीज येईना, मग सगळ्यांनी आवरायला घेतलं. मी लीव्हर उघडला, मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं आणि रिकामं दिसलं म्हणून केसमध्ये ठेवलं.

ते रिकामं नव्हतं. लीव्हर बंद करताना छर्रा नळीच्या तोंडात थोडा आत ढकलला जातो. मागून पाहिलं तर अंधारात नुसतं काळं भोक दिसतं, छर्रा दिसत नाही. नळीतून आरपार घालायची नारंगी दोरी असते ना, ती घातली असती तर तिथेच अडली असती. माझी दोरी दोन महिन्यांपूर्वी हरवली होती. ‘घेऊ एकदा’ म्हणत राहून गेली.

रविवारी जेवण झाल्यावर हॉलच्या भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यासमोर ड्राय, म्हणजे छर्रा न भरता नुसता चाप दाबायचा सराव, करायला उभा राहिलो. हवेचा सिलिंडर लावलेलाच होता. ड्रायचा खटका मी बदललाय असं मला वाटत होतं, तो बदललेला नव्हता. हात वर, श्वास अर्धा सोडला, चाप दाबला. आवाज फार मोठा नव्हता. भिंतीचं प्लास्टर नखाएवढं उडालं आणि चपटा झालेला छर्रा, अगदी कपाळाच्या टिकलीसारखा, चपलांच्या स्टँडजवळ येऊन पडला. माझी लेक अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच भिंतीसमोरून पाण्याची बाटली भरायला गेली होती.

आमच्या छर्ऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १५० मीटर. म्हणजे पाच-सहा ज्यूल. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण डोळा जायला याच्या कितीतरी कमी पुरतं.

पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं याच प्रकारात ब्राँझ घेतलं, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये घेतलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर मुलांची रांग लागली आहे. पालक पिस्तूल घेऊन देतात. शिकवण्या उभं कसं राहायचं, चाप कसा दाबायचा याच्या होतात. घरी आणल्यावर काय, हे कुणी बसवून सांगत नाही. ज्यांना जे माहीत आहे ते इथे लिहा.

---

ऐरोलीची आई

वाचून अंगावर काटा आला. तुम्ही हे लपवलं नाहीत, याबद्दल आभार.

माझा मुलगा बारा वर्षांचा, सहा महिने झाले शिकतोय. त्याची एक सवय मला खटकते. भरायला सोपं जावं म्हणून तो दोन-तीन छर्रे ओठांत धरतो. त्याच्या मोठ्या मित्राचं पाहून शिकला. घरी आल्यावर खिशातून छर्रे निघतात, ते सोफ्याच्या फटीत जातात, आणि धाकटी दीड वर्षाची आहे, ती मिळेल ते तोंडात घालते. हे छर्रे शिशाचे असतात ना? मी उगाच घाबरतेय का?

---

वाशीतली डॉक्टर

ताई, उगाच नाही. हे आजच्या आज बंद करा.

होय, ते शिशाचेच असतात. डब्यातला छर्रा हाताळला की बोटांवर जो करडा डाग पडतो तेच शिसं. त्वचेतून ते फारसं आत जात नाही. जातं ते तोंडावाटे आणि श्वासावाटे. पोटात गेलेल्या शिशातलं मोठी माणसं जितकं शोषतात, त्याच्या चार-पाच पट लहान मुलं शोषतात. ते हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. मुलांच्या मेंदूवर, अभ्यासावर, चिडचिडेपणावर त्याचा परिणाम होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त सापडलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असा त्यांचा २०२१ चा सल्ला आहे. अमेरिकेत मुलांसाठी ही रेघ ३.५ वर आहे.

तुमच्या दोन्ही मुलांची तपासणी करून घ्या. साधी रक्तचाचणी आहे, शिरेतून घेतलेलं रक्त लागतं. बोटाला टोचून घेतलं तर बोटावरचंच शिसं नमुन्यात मिसळू शकतं, आणि नेमबाजाच्या बोटावर ते असणारच.

आता सवयी. ओठांत छर्रा कधीही नाही. खिशात नाही. डबा केसमध्येच, आणि केस धाकटीच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात, कुलपात. रेंजवर वडापाव, चहा, पाण्याची बाटलीसुद्धा हात धुतल्याशिवाय नाही. हात गार पाण्यानं आणि साबणानं, नखांच्या कडा घासून धुवायचे. सॅनिटायझरनं शिसं निघत नाही, तो फक्त जंतूंसाठी. घरी आल्यावर धाकटीला उचलून घ्यायच्या आधी टीशर्ट बदलायचा. हे मी आग्रहानं सांगते, कारण मुलं दारातच गळ्यात पडतात.

आणि रेंज झाडणाऱ्या मावशी किंवा दादा कोण असतील त्यांचाही विचार करा. छर्रा लोखंडी पेटीवर आपटून फुटतो, तिथे बारीक धूळ साठते. ती कोरड्या केरसुणीनं झाडली की हवेत उडते आणि झाडणाऱ्याच्या छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, फडकं पिशवीत बांधून वेगळं ठेवायचं. आपण तासभर असतो, ते रोज असतात.

---

घोडबंदरकर

डॉक्टरताई, नऊ वर्षांत झाडणाऱ्या काकांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. उद्याच रेंजच्या सेक्रेटरींशी बोलतो.

---

कोपरीचा फिटर

मी हवेच्या बाटल्या आणि रेग्युलेटरची, म्हणजे हवेचा दाब आवरणाऱ्या भागाची, कामं करतो. घोडबंदरकर, तुमच्या गोष्टीत एक मुद्दा राहिला तो भरतो.

घरी ड्राय करायचं तर सिलिंडर काढूनच करा. मात्र सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल मेलं असं समजू नका. बऱ्याच पिस्तुलांत रेग्युलेटरच्या पुढच्या कप्प्यात एखाद्या बारापुरती हवा उरते. सिलिंडर रेंजवरच काढायचा, नळी टार्गेटकडे ठेवून, रेंज ऑफिसरला विचारून ती हवा तिथेच सोडायची, मग दोरी घालायची, मग केस बंद. या क्रमाला वेळ लागतो एक मिनिट.

आता बाटली. भरलेल्या सिलिंडरात २०० बार दाब असतो (हा ‘बार’ म्हणजे दाबाचं माप). तुमच्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार. म्हणजे नव्वद टायरांचा दाब तुम्ही बोटभर जाडीच्या नळकांड्यात घेऊन लोकलमध्ये चढता. त्यावर तारीख कोरलेली असते, ती वाचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षं धरलंय आणि तारीख पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकलीय. जुनं पिस्तूल स्वस्तात घेणारे नेमके इथे फसतात. माझ्याकडे एकदा एक मुलगा वडिलांसोबत आला, सिलिंडरची मुदत केव्हाच संपलेली, आणि तो तसाच भरून वापरत होता. मी तो भरून दिला नाही. वडील रागावले. दोन दिवसांनी फोन करून म्हणाले, नवा घेतला.

भरताना घाई नको. हवा वेगानं भरली की बाटली तापते. हाताला कोमट लागली तर थांबा, गार होऊ द्या. मोठ्या टाकीचा दाब ३०० बार असेल तर काट्यावरून नजर हलवायची नाही. ऑक्सिजनच्या टाकीवरून कधीही भरू नका. वेल्डिंगवाल्याकडे टाकी दिसते म्हणून विचारणारे भेटलेत मला. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की पेट घेतो. त्याच कारणानं जोडाला शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, काहीही लावायचं नाही. पुस्तिकेत जे ग्रीस लिहिलंय तेवढंच.

आपल्याकडची खाडीची हवा दमट आहे. हातपंपानं भरणाऱ्यांच्या बाटलीत पाणी साठतं आणि आतून गंज धरतो. पंपाची ओल शोषणारी पुडी वेळच्या वेळी बदला. पावसाळ्यात तर जास्तच. आणि मे महिन्यात पिस्तुलाची केस उन्हात उभ्या गाडीत ठेवून मॉलमध्ये जाऊ नका.

---

कळवा पूर्व

घरी दहा मीटर मिळत नाहीत. आमच्या मजल्यावरचा पॅसेज बरोबर अकरा मीटर आहे. रात्री अकरानंतर कुणी येत-जात नाही. दोन्ही टोकांना खुर्च्या लावून खेळलं तर चालेल का?

---

घोडबंदरकर

नको भाऊ. पॅसेजमध्ये दारं आहेत आणि दार आतून उघडतं. रात्री अकराला कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला कोण येईल ते तुम्ही सांगू शकत नाही. मागच्या रविवारनंतर मी तरी ‘आता कुणी येत नाही’ या वाक्यावर भरवसा ठेवणार नाही.

घरी ड्राय पुरतं, खरंच पुरतं. पाच मीटरवर ठिपका लहान करून लावा. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा असतो, अर्ध्या अंतरावर तीस मिलिमीटरचा केला की डोळ्याला तेच चित्र दिसतं. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, पण ड्रायमध्ये त्याच्याकडे बघायचंच नाही, नजर पिस्तुलाच्या पुढच्या साईटवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर. ठिपका लावायची भिंत अशी निवडा की पलीकडे कुणी झोपत नसेल. माझ्या भिंतीपलीकडे लिफ्टचा डक्ट आहे, हे मी ठरवून केलं नव्हतं, आता ठरवून तिथेच ठेवलंय.

---

रबाळे २२

सगळ्यांचं वाचतोय. थोडं वेगळं विचारतो. मी एका परदेशी चॅनेलवर पाहिलं की लोक घरच्या टेबलावर छोट्या पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरतात. काडतुसाच्या वापरलेल्या केसमध्ये, म्हणजे रिकाम्या नळकांड्यात, पेट देणारी नवी टोपी, पावडर, वर बुलेट. फार सुबक काम वाटलं. आपल्याकडे असं शिकायला मिळतं का?

---

कोर्ट नाक्यावरचा वकील

स्पष्ट सांगतो. परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ शस्त्राइतकंच दारूगोळा बनवण्यालाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. पिस्तूल बाळगायचा परवाना असला तरी काडतूस बनवायचा परवाना त्यात येत नाही. हौस म्हणून टेबलावर एक करून पाहिलं, ही सबब चालणार नाही.

तुम्ही जे एअर पिस्तूल खेळता ते ०.१७७ इंच कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलच्या आत असल्यामुळे परवान्यातून सुटतं. दोन्ही अटी पाळल्या तरच. स्प्रिंग बदलून, व्हॉल्व्ह पिळून ताकद वाढवायचे उद्योग केले तर तुम्ही ती सूट स्वतःच्या हातानं घालवता. प्रवासात केस बंद, खरेदीचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. ठाणे स्टेशनवर बॅग तपासली तर शांतपणे ‘एअर पिस्तूल आहे, खेळाडू आहे’ असं आधी तोंडानं सांगायचं, केस त्यांना उघडू द्यायची. स्वतः बाहेर काढून दाखवायचं नाही.

---

ह्यूस्टन मूळ ऐरोली

रबाळे २२, मी टेक्सासमध्ये राहतो. इथे हे कायदेशीर आहे आणि मी सात वर्षं करतोय. वकीलसाहेबांचं म्हणणं शंभर टक्के पाळा, भारतात असताना मीही याला हात लावणार नाही. पण तुम्हाला जे सुबक वाटलं त्यामागे काय शिस्त असते ते सांगतो, कारण ती घोडबंदरकरांच्या गोष्टीशी जुळते.

छोट्या पिस्तुलाची पावडर भरभर जळणारी असते आणि केसमधली निम्म्याहून कमी जागा व्यापते. म्हणजे चुकून दोनदा भरली तरी ती आत मावते, वरून सांडत नाही. दुप्पट पावडर म्हणजे हातात फुटलेलं पिस्तूल. म्हणून पन्नास केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, सगळ्यांत पावडर भरून झाली की बुलेट बसवायच्या आधी दिवा जवळ आणून प्रत्येकीत डोकवायचं. सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे. एक जरी वेगळी वाटली तर ती रिकामी करायची. मोजणी ग्रेनमध्ये असते, एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅमही नाही. पंखा किंवा एसी चालू असेल तर तराजूचा काटा हलतो, म्हणून दोन्ही बंद. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, दुसरा कपाटात. डब्याचं लेबल निघालं असेल तर ती पावडर वास घेऊन ओळखायची नाही, टाकून द्यायची. प्रमाण छापील पुस्तकातलं आणि सुरुवात खालच्या आकड्यावरून. कुणी मित्रानं सांगितलेलं प्रमाण वापरायचं नाही. बुलेट ठरल्यापेक्षा आत दाबली गेली तर केसमधली जागा कमी होऊन दाब वाढतो, म्हणून प्रत्येकाची लांबी मोजायची. फोन दुसऱ्या खोलीत. बायकोनं हाक मारली तर हातातली केस रिकामी करून मगच उठतो, आल्यावर ती पहिल्यापासून.

आणि उलट चूक, पावडर न पडणं. तेव्हा नुसत्या टोपीच्या जोरावर बुलेट नळीत अर्ध्यात अडकते. आवाज ‘फुस्स’ येतो. त्यावर लगेच दुसरा बार टाकला तर नळी फाटते. म्हणून आवाज वेगळा आला की थांबायचं, पिस्तूल टार्गेटकडे रोखलेलंच ठेवायचं, उघडून रिकामं करायचं, आणि नळीतून सळई आरपार घालून पाहायचं. तुमची नारंगी दोरी आणि माझी सळई एकच काम करतात.

शिशाचं डॉक्टरताईंनी लिहिलंय ते इथे दुप्पट लागू. टोप्यांमध्येही शिशाचं संयुग असतं, वापरलेल्या केस घासून स्वच्छ करताना जी धूळ निघते तिच्यात ते असतं. मी ते काम गॅरेजमध्ये, मास्क लावून करतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कधीच नाही.

---

रबाळे २२

काका, वकीलसाहेब, समजलं. चॅनेलवर हे दिवा जवळ आणून बघणं वगैरे काहीच दाखवलं नव्हतं. मी एअर पिस्तूलच नीट शिकतो.

---

ऐरोलीची आई

दोघांचे रिपोर्ट आले. धाकटीचा २ च्या खाली. मोठ्याचा ६.१. डॉक्टरताईंना मेसेज केला, त्यांनी तीन महिन्यांनी परत करायला सांगितलं, आणि घरातलं बाकी काही असेल तर तेही बघा म्हणाल्या, सुटी हळद, देवघरातलं कुंकू, त्यांतही शिसं असू शकतं. हळद मी आता आईकडून गावची मागवली आहे.

मुलाला रिपोर्ट दाखवला, ओरडले नाही. तो बराच वेळ आकडा बघत बसला. मग स्वतःच उठून सोफ्याच्या उशा काढल्या. आम्हाला चौदा छर्रे सापडले. सगळे ओल्या कागदात गुंडाळून डब्यात भरले, फटी ओल्या फडक्यानं पुसल्या.

घोडबंदरकर, त्याच्या केसमध्ये ती दोरी नाही. कुठे मिळते?

---

घोडबंदरकर

ताई, सहा नक्कीच खाली येईल, ओठांची सवय सुटली हेच मोठं. मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा.

दोरीसाठी खेळाच्या दुकानात जायची गरज नाही. गवत कापायच्या यंत्राला जी जाड नायलॉनची दोरी लागते ना, नारंगी रंगाची, ती चालते. मी बुधवारी जांभळी नाक्यावरून रीळ आणलं. दोन मिलिमीटर जाडीची घ्या, साडेचार मिलिमीटरच्या नळीतून सहज जाते. नळीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त कापायची, म्हणजे पुढूनही दिसते आणि मागूनही. टोकं मेणबत्तीवर जरा गोल करून घ्या, नाहीतर नळीला आतून ओरखडा जाईल. रिळातून मी चाळीस तुकडे केलेत. वीस रेंजच्या टेबलावर डब्यात ठेवले, ज्याच्याकडे नसेल त्यानं घ्यावा. सेक्रेटरींनी झाडायच्या काकांसाठी ओली पुसणी आणि मास्कही आणवले.

तुमच्यासाठी दोन तुकडे बाजूला ठेवलेत, एक हरवला तर दुसरा. शनिवारी सकाळी मी ऐरोलीला बहिणीकडे येतोय, स्टेशनबाहेर देऊन जाईन.

---

ऐरोलीची आई

या नक्की. मुलगा येईल घ्यायला, केस घेऊन नाही, नुसता.